चिनी भाषेच्या सरावासाठी चित्रकथा

प्रश्न: एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या तिसऱ्या पातळीइतकी चिनी मला येते, मात्र कादंबरी उघडली की अनोळखी चिन्हांमुळे वाचन अडते. चित्रकथांचा सराव उपयुक्त ठरेल का?

प्रतिसाद १: नक्की ठरेल. चित्रकथेतील मजकूर मुख्यत्वे संवादांचा असल्यामुळे ‘बा’, ‘न’, ‘आ’ यांसारखे वाक्याच्या शेवटी येणारे शब्द कोणत्या भावनेने उच्चारले जातात, हे पात्राच्या चेहऱ्यावरून उमगते, जे व्याकरणाच्या पुस्तकातून सहसा साधत नाही. घर-शाळेच्या कथांपासून आरंभ करावा. तलवारबाजीच्या कथांतील जुन्या वळणाची भाषा (मला तर अजूनही) जड जाते.

प्रतिसाद २: आवृत्ती पाहून घ्यावी. चीनमध्ये १९५६ पासून सरलीकृत चिन्हे रूढ झाली, तर तैवान आणि हाँगकाँगमध्ये पारंपरिक चिन्हे चालतात. तैवानमधील लहान मुलांच्या अनेक पुस्तकांत चिन्हांशेजारी झुयिन ही उच्चारलिपी छापलेली असते.

प्रतिसाद ३: चित्रावरून प्रसंग कळला म्हणजे चिन्ह ओळखता आले, असे मी मानत नाही. प्रत्येक अनोळखी चिन्हासाठी कोश उघडू नये, परंतु वारंवार येणारी चिन्हे वहीत उतरवून, तेच संवाद दुसऱ्या दिवशी चित्रांविना, स्वरांच्या चढउतारांसह मोठ्याने वाचावेत.