एफएफएची गोष्ट वेगळी आहे

अमेरिकन हायस्कूलमधल्या डेका (व्यापार), होसा (आरोग्यसेवा), एफएफए (शेती; मूळ नाव 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका', म्हणजे अमेरिकेचे भावी शेतकरी) वगैरे विद्यार्थी संघटना म्हणजे कॉलेजच्या अर्जात घालायची आणखी एक ओळ, असं कुणीतरी म्हटलंय. काही मुलांच्या बाबतीत खरंही असेल (आपल्या देशी पालकांचा हातभार त्यात कमी नाही!). एफएफएबद्दल मात्र नाही पटलं.

१९२८ साली कॅन्सस सिटीत सुरू झालेल्या या संस्थेत क्लब हा वर्गातल्या तासापासून वेगळा नसतोच. शाळेत शेतीचा विषय घ्यायचा आणि शिवाय स्वतःचा एक प्रकल्प चालवायचा. कुणी डुकरं पाळतं, कुणी नर्सरीत पगारी काम करतं. खाद्याचा खर्च, विक्री, कामाचे तास, सगळ्याची नोंद विद्यार्थ्यानेच ठेवायची. डुक्कर आजारी पडलं तर तोटा वहीत दिसतोच, तिथे शिक्षक गुण वाढवून देऊ शकत नाहीत.

मुलींना राष्ट्रीय पातळीवर सभासदत्व मिळायला मात्र १९६९ उजाडलं. पुढे १९८८ मध्ये नावातले 'भावी शेतकरी'ही गेले. कारण अन्नप्रक्रिया, यंत्रं, व्यापार यांकडे जाणारी मुलंही त्यात होतीच. निळं कॉर्डरॉय जाकीट तेवढं अजून तसंच आहे.