जेटेबल: शोधाच्या फील्डमध्ये टाइप करताच न जुळणाऱ्या ओळी लपवायच्या आहेत

प्रश्न

वाचनालयाच्या नोंदींसाठी स्विंगमध्ये (जावाची खिडक्या-बटणांची लायब्ररी) डेस्कटॉप ॲप्लिकेशन लिहितेय. जेटेबलमध्ये, म्हणजे स्विंगच्या तक्त्यात, पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, दाखल क्रमांक आणि खरेदीची तारीख असे कॉलम आहेत, वर एक जेटेक्स्टफील्ड, म्हणजे मजकूर लिहायची चौकट. त्यात टाइप करू तसतशा न जुळणाऱ्या ओळी दिसेनाशा व्हायला हव्यात.

सध्या फील्डला कीलिसनर (कळ दाबल्याचं ऐकणारा कोड) लावलाय आणि त्याच्या कीटाइप्ड मेथडमध्ये न जुळणाऱ्या ओळी मॉडेलमधून, म्हणजे तक्त्यामागच्या डेटामधून, काढून टाकते. पण शोध कायम एक अक्षर मागे राहतो: 'कथा' लिहिलं तर निकाल 'कथ'चा दिसतो. माउसने पेस्ट केलं तर काहीच घडत नाही. आणि फील्ड रिकामं केलं की ओळी परत आणायला डेटाबेस पुन्हा वाचावा लागतो. नीट पद्धत कोणती?

उत्तर १

मॉडेलला हात लावू नका. ओळी लावणारा आणि गाळणारा टेबलरोसॉर्टर जावा ६ पासून आहे. तो टेबलला लावा आणि सेटरोफिल्टरला रोफिल्टरचा रेजेक्सफिल्टर (रेजेक्स म्हणजे मजकुराच्या नमुन्याने शोधणारा) द्या. फील्ड रिकामं असेल तर नल द्या, सगळ्या ओळी परत दिसतात.

उत्तर २

सॉर्टरचं बरोबर आहे, पण रेजेक्सफिल्टरला वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा देऊ नका, ही कळकळीची विनंती. उघडा कंस टाइप केला की पॅटर्नसिंटॅक्सएक्सेप्शन, म्हणजे नमुना चुकल्याची एरर, येतं. ते निदान दिसतं तरी. 'सी++' शोधलं तर एक्सेप्शनही येत नाही: अधिकची दोन चिन्हं रेजेक्समध्ये वैध आहेत, त्यामुळे नुसतं 'सी' जुळतं आणि यादीत 'सीता' नावाची पुस्तकंही येतात. काउंटरवर बसलेल्या माणसाला वाटणार, शोधच बिघडलाय. मजकूर आधी पॅटर्न क्लासच्या कोट मेथडला द्या, म्हणजे चिन्हं साधी अक्षरं धरली जातात, नाहीतर स्वतःचा रोफिल्टर लिहा. इन्क्लूड ही एकच मेथड लिहायची असते: एंट्रीमधून प्रत्येक कॉलमची स्ट्रिंग घ्या आणि साध्या कन्टेन्सने (शब्द आत आहे का बघणारी मेथड) तपासा.

आता एक अक्षर मागे का? कीटाइप्ड चालतं तेव्हा ते अक्षर फील्डमध्ये उतरलेलंच नसतं. माउसच्या पेस्टमध्ये तर कळ दाबलीच जात नाही. ऐकायचं ते कीबोर्डचं नाही, फील्डच्या डॉक्युमेंटचं. डॉक्युमेंटलिसनरच्या इन्सर्टअपडेट आणि रिमूव्हअपडेट या दोन्हींतून एकच मेथड बोलवा. चेंज्डअपडेट साध्या मजकुराच्या फील्डसाठी कधी येत नाही, पण इंटरफेसमध्ये आहे म्हणून रिकामी का होईना, लिहावी लागते.

ओळी हजारोंनी असतील आणि टाइप करताना अडखळत असेल तर स्विंगचा टायमर घ्या. उशीर २०० मिलिसेकंद, रिपीट बंद, प्रत्येक बदलाला रिस्टार्ट. ओळी थोड्या असतील तर हा खटाटोप नको.

प्रश्नकर्ती

डॉक्युमेंटलिसनर आणि स्वतःचा रोफिल्टर लावला, मस्त चालतंय. पण दोन गोष्टी अडल्यात. यादी गाळलेली असताना ओळ निवडून 'दुरुस्ती' दाबलं की भलतंच पुस्तक उघडतं. आणि 'दुसऱ्या' शोधलं तर जुन्या नोंदींतली काही पुस्तकं सापडत नाहीत, नाव डोळ्यांसमोर असूनही!

उत्तर २

पहिलं सोपं आहे. गेटसिलेक्टेडरो पडद्यावरचा क्रमांक देतं, मॉडेलमधला नाही. तो कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेलमधून घ्या. अनेक ओळी एकदम खोडायच्या असतील तर आधी सगळे क्रमांक बदलून घ्या, मग मोठ्याकडून लहानाकडे खोडा, नाहीतर नको ती नोंद जाते.

दुसरं मराठीच्या प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये भेटतं, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. 'ऱ्या' तीन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं: ऱ हे एकसंध अक्षर, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशी जोडी, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर हे जोडचिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, कन्टेन्सला मात्र वेगळे. जावाचा नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणारा) एनएफसी या प्रकाराने चालवला की पहिले दोन एक होतात. तिसऱ्यासाठी झेडडब्ल्यूजे काढून टाका आणि मग ऱ च्या जागी र धरा. हे शोधशब्द आणि कॉलमची स्ट्रिंग दोन्हींवर करा, फक्त तुलनेपुरतं. डेटाबेसमधला मजकूर तसाच ठेवा. 'दऱ्या' शोधताना 'दर्या'ही येईल, पण पुस्तक न सापडण्यापेक्षा ते बरं.

उत्तर ३

तारखेच्या कॉलमबद्दल एक. फिल्टर रेंडररने (तक्त्यात मजकूर दाखवणारा कोड) दाखवलेली तारीख बघत नाही, मॉडेलमधल्या ऑब्जेक्टचं टूस्ट्रिंग, म्हणजे त्याचं मजकूर-रूप, बघतो. लोकलडेट (जावाचा तारखेचा क्लास) असेल तर त्यात वर्ष आधी येतं, म्हणून दिवस-महिना-वर्ष असं शोधणाऱ्याला काही मिळत नाही. सॉर्टरला सेटस्ट्रिंगकन्व्हर्टर देऊन त्यात दिसते तशीच तारीख परत करा, तुमचा इन्क्लूड न बदलता चालेल.