जांभ्याचं घर, बाहेरून रंग: पश्चिमेची भिंत काळी, खाली पोपडे

पडवीवाला
घर राजापूर तालुक्यात, समुद्रापासून पाच-सहा किलोमीटर आत. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), बाहेरून सिमेंट प्लास्टर, त्यावर इमल्शनचे (पाण्यात कालवायच्या रंगाचे) दोन हात. पश्चिमेची भिंत पावसाळा सरेपर्यंत शेवाळाने काळी होते. शिवाय चारही बाजूंना जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत पोपडे सुटतात, खाली पांढरी पूड. पोपड्यांचा त्रास अंगणात पेव्हर टाकल्यापासूनचा. रंगारी म्हणतो, नवरात्रात धुऊन घेऊ, वर रबरासारखा ताणणारा वॉटरप्रूफ रंग मारू, दिवाळीला घर तयार. दारं-खिडक्या वजा करून साधारण 1800 चौरस फूट. त्याचं ऐकावं का? रंग किती लागेल?

चुना_आणि_रेती
ऐकू नका. पेव्हरनंतर पोपडे सुरू झाले हे तुम्हीच लिहिलंय, उत्तर तिथेच आहे. पेव्हर थेट भिंतीला भिडवले असतील आणि अंगणाची पातळी जोत्याच्या वर गेली असेल, तर पाणी भिंतीच्या पायाशी साचतं. जांभा सच्छिद्र, तो ते वर ओढतो. वर चढलेलं पाणी प्लास्टरमधून बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर सोडतं. तीच तुमची पांढरी पूड. त्यावर रबरी थर दिला की ओल बाहेर पडायची वाटच बंद. मग ती आणखी वर चढते, किंवा थराला फुगे आणते आणि रंग कातडीसारखा सोलून येतो.

आधी भिंतीलगतचे पेव्हर दीड फूट रुंदीत काढा, जोत्याच्या निदान सहा इंच खाली जा आणि तिथे खडी भरा. उतार घरापासून बाहेर. खडीमुळे लाल मातीचे शिंतोडेही भिंतीवर उडत नाहीत.

मग पोपड्यांच्या रेषेच्या वर आणखी एक फूट धरून प्लास्टर चिऱ्यापर्यंत उतरवा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले तर ते विरघळून परत आत जातात. चिरा उघडा ठेवून जितका सुकेल तितका सुकू द्या आणि नवीन प्लास्टर 1:1:6 करा: सिमेंट, चुना, रेती. निव्वळ सिमेंटचं दाट प्लास्टर इथे नको. पाणी मारून झाल्यावर रंगाआधी 28 दिवस थांबायचं.

रंगपेटी
वरच्या भिंतीबद्दल. शेवाळ नुसतं घासून जात नाही, बारीक अंश राहतात आणि नव्या रंगातून वर येतात. केमिकलच्या दुकानात 10 टक्क्यांच्या आसपासचं सोडियम हायपोक्लोराइट मिळतं. एक भाग ते, चार भाग पाणी. खालून वर लावत जा, 20 मिनिटं ठेवा, काथ्याच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. खालची झाडं आधीच पाण्याने भिजवून घ्या. हातमोजे, चष्मा हवाच. आणि यात संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण चुनखडीचा पांढरा थर मागे ठेवते आणि प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) त्यावर नीट धरत नाही.

धुतल्यावर भिंत सुकली की नाही हे हाताने कळत नाही. दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा, एक जमिनीपासून फूटभर उंचीवर, एक सहा फुटांवर. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर थांबा. कोकणात ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, चिरा तर चार महिने भिजलेला. धुणं-खरवडणं दसऱ्यानंतर करा, रंगाला डिसेंबर धरा. दिवाळीचा हट्ट सोडा.

पडवीवाला
पुट्टी लावावी का? रंगारी सगळीकडे लावू म्हणतो.

रंगपेटी
खडबडीत प्लास्टरवर सगळीकडे अजिबात नको. भिंत गुळगुळीत दिसते एवढाच फायदा, आणि ओल आली की सगळ्यात आधी पुट्टीच सुटते. केसासारख्या भेगा प्रायमर आणि रंगाने झाकतात. त्याहून मोठ्या भेगा पत्रीने (खरवडायच्या पात्याने) व्ही आकारात उघडा, धूळ झाडा, बाहेरच्या कामाचं अ‍ॅक्रिलिक फिलर भरा. सिमेंटचा खांब आणि चिरा जिथे भेटतात तिथली उभी भेग दरवर्षी उघडते, तिला फायबरची जाळी लागते.

हिशोब: प्रायमर एक हात, लिटरला 80 ते 100 चौरस फूट, म्हणजे 18 ते साडेबावीस लिटर. इमल्शन दोन हात, लिटरला 45 ते 50, म्हणजे 36 ते 40 लिटर. 20 लिटरच्या दोन बादल्या घ्या, एकाच बॅचच्या. बुरशीरोधक, बाहेरच्या कामाचंच इमल्शन. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने. निम्म्याला निम्मं पाणी घातलं की रंग पुरतो खरा, पण दोन पावसांत हाताला खडूसारखा लागतो. मजूर कामावर असताना बादलीवर लक्ष ठेवा.

खाडीकाठ
वेळेचं कोणी बोललं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं, भिंत साडेनऊ-दहापर्यंत ओली असते. पश्चिमेची भिंत दव उडाल्यावर सकाळीच घ्या, दुपारच्या उन्हात रंग ओढता ओढता सुकतो आणि ब्रशचे पट्टे राहतात. पूर्वेची दुपारी, पण साडेतीनला हात थांबवा. नाहीतर रात्रीच्या दवाने ताज्या रंगावर चिकट ओघळ येतात. दोन हातांमध्ये डब्यावर चार तास लिहिलं असलं तरी दमट हवेत दुसरा दिवस उजाडू द्या.

आणि खालच्या तीन फुटांबद्दल माझं मत वेगळं: तिथे इमल्शन देऊच नका, सिमेंट पेंट (पाण्यात कालवायची सिमेंटची रंगीत पूड) द्या. तो ओल बाहेर सोडतो. मात्र त्याची रीत उलटी, भिंत आधी भिजवून मारायचा आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी शिंपडायचं. जुन्या इमल्शनवर तो धरत नाही, नवीन प्लास्टर करताय म्हणूनच सुचवतोय. रंग गेरूसारखा घ्या, मातीचे डाग दिसत नाहीत.

चुना_आणि_रेती
सिमेंट पेंटला दुजोरा. पश्चिमेकडच्या सज्ज्यांना खालच्या कडेला पाणी तोडायची खाच आहे का तेही बघा. नसेल तर पाणी सज्ज्याखालून वळून भिंतीवर येतं आणि शेवाळ नेमकं तिथूनच पसरतं. रंगाआधी गवंड्याकडून ती करून घ्या.