मदत हवी आहे: काम वेळेत संपत नाही, कुठलं अ‍ॅप वापरू?

अबोली_पेडणे (२० ऑगस्ट, रात्री ११.१०)
आज परत २० तारीख. नऊ वाजून गेल्यावर ऑफिसातून निघाले, पेडण्याची बस मिळाली नाही, नवरा स्कूटर घेऊन म्हापशाला आला तेव्हा घरी पोचले. मुलगी झोपून गेली होती. दर महिन्याला ११ ला आणि २० ला हेच.

कामाच्या यादीची तीन अ‍ॅपं घालून बघितली. एकात सगळी कामं टाकली, तर चार दिवसांत ६१ झाली आणि ते उघडायचीच धास्ती बसली. पुढच्या महिन्यात ११ झाली की लगेच १४ ला चवथ, आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. वेळेचं नियोजन करणारं चांगलं, फुकट अ‍ॅप कुणी सांगेल का? जरा लवकर सांगा.

तिसवाडी
काम काय करता ते लिहिलंच नाही. ११ आणि २० ला काय असतं? पगार?

वेर्णेकर
पोमोडोरो करा. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास करताना ही पद्धत काढली. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती. असे चार फेरे झाले की मोठी विश्रांती. मी वेर्ण्याला डिझाइन विभागात आहे, दोन वर्षं करतोय, सहाला गेटबाहेर असतो. अ‍ॅप लागत नाही, फोनमधला टायमर पुरतो.

कुळागर
बाय, मी ३१ वर्षं नोकरी केली, वहीवर केली. संध्याकाळी टेबल आवरताना उद्याची तीनच कामं लिहायची. चौथं लिहायचं नाही. सकाळी आल्यावर पहिलं काम झाल्याशिवाय टपालाला हात लावायचा नाही. ६१ कामं मोबाइलमध्ये दिसतात म्हणून माणूस घाबरतो, वहीच्या पानावर तेवढी मावतच नाहीत.

अबोली_पेडणे
जीएसटी हो! म्हापशाला कर सल्लागाराकडे आहे. सर, मी आणि अजून एक मुलगी. गिऱ्हाइकं ३८. बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. काल एका हार्डवेअरवाल्याने ४३ फोटो पाठवले. बरेच तिरके, आणि एका बिलावर त्याचा अंगठा नेमका जीएसटी नंबरवर. मग फोन करा, परत मागवा, तोवर दुसऱ्याचा फोन. २५ मिनिटं फोन न उचलता बसणं मला शक्य नाही.

वेर्णेकर
शक्य नाही म्हणता तिथेच तर वेळ जातो. एकदा लक्ष मोडलं की बिल परत पहिल्यापासून वाचावं लागतं. अर्धा तास फोन बंद ठेवला तर जग बुडत नाही.

कुंडई_स्टोअर्स
तुमचं डिझाइनचं काम आहे, तुमच्या दारात गिऱ्हाईक येत नाही. मी कुंडईला स्टोअर सांभाळतो. ट्रक गेटवर उभा असताना मी फोन बंद ठेवला तर संध्याकाळी मला घरी पाठवतील. सगळ्यांना एकच औषध देऊ नका.

शेवंती
पेडण्याहून रोज बसने? कोलवाळच्या पुढे सकाळी किती वेळ जातो? आम्ही पर्वरीचे लोक तर उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून अर्धा दिवस रस्त्यावरच असतो. मी आता सातलाच निघते, ऑफिस उघडायच्या आधी तासभर शांत मिळतो.

मांडवीकाठ
जीएसटीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, माझ्या मेव्हण्याने हरमलला दोन खोल्या भाड्याने द्यायला काढल्या आहेत. त्याला नोंदणी लागते का?

हिशेबनीस_फोंडा
मांडवीकाठ, सेवेसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची. बाकी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

अबोलीताई, एक सांगा. ३८ पैकी मासिक विवरण भरणारे किती, तिमाही किती?

अबोली_पेडणे
मोजलं नाही कधी. सर सगळ्यांची बिलं ११ च्या आत मागवतात. १ तारखेलाच एकच मेसेज सगळ्यांना जातो.

हिशेबनीस_फोंडा
मग दुखणं इथे आहे. अ‍ॅप बदलून हे बरं होणार नाही.

जानेवारी २०२१ पासून क्यूआरएमपी योजना आहे. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर विवरण तिमाहीला भरता येतं. म्हापशाच्या बाजारपेठेतली छोटी दुकानं बहुतेक यातच असणार. ऑगस्टसाठी या लोकांचं ११ सप्टेंबरला काहीच भरायचं नाही. कराचं चलन (पीएमटी-०६) २५ तारखेपर्यंत. गेल्या तिमाहीत रोखीने भरलेल्या कराच्या ३५ टक्क्यांची ठरावीक रक्कम निवडली, तर त्या चलनाला बिलंही लागत नाहीत. म्हणजे ज्यांची बिलं तुम्ही ९ आणि १० ला उरापोटी मागवता, त्यांतली निम्मी त्या दिवशी नको आहेत.

सप्टेंबर मात्र खरोखर अवघड आहे, कॅलेंडर समोर ठेवून वाचा. ७ ला सोमवार, टीडीएस. ११ ला शुक्रवार, मासिकवाल्यांचा जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण). १४ ला चवथ आणि त्याच दिवशी पोर्टलवर टूबी (खरेदीवरच्या कराची वजावट ज्यावरून मिळते ती बिलांची यादी) तयार होतो. १५ ला अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ता, तो सरांकडे राहू दे. १८ ला तुमचं विसर्जन. २० ला ३बी (महिन्याचा कर भरायचं विवरण), आणि त्या दिवशी रविवार. रविवार आहे म्हणून तारीख पुढे जाईल असं धरून चालू नका. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, शून्य विवरणाला २०, वर कराच्या रकमेवर वर्षाला १८ टक्के व्याज.

तर तुमच्या हातात १९ चा शनिवार उरतो. एका दिवसात सगळ्या ३बी होतील, पण एका अटीवर. विक्रीचे आकडे जीएसटीआर-१ मधून ३बीत आपोआप येतात, ते ११ लाच झालेले असतील. खरेदीची बिलं १२ पर्यंत टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढवून ठेवा. मग १९ ला फक्त टूबीशी ताळमेळ उरतो. बिल चढवणं आणि ताळमेळ ही दोन कामं एका दिवशी करता, म्हणून रात्रीचे नऊ वाजतात.

डिचोलीकर
हिशेबनीस, तिमाहीवाल्यांना सरसकट सोडायला सांगताय ते मला पटत नाही. त्यांच्यात घाऊक विकणारे असतील तर आयएफएफ (नोंदणीकृत खरेदीदारांना दिलेल्या बिलांची त्या महिन्याची नोंद) १३ तारखेपर्यंत टाकावंच लागतं. नाही टाकलं तर खरेदीदाराच्या टूबीत बिल दिसत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाचं बांद्याच्या खरेदीदाराने पेमेंटच अडवून ठेवलं होतं.

हिशेबनीस_फोंडा
आयएफएफ ऐच्छिक आहे.

डिचोलीकर
कायद्यात ऐच्छिक आहे, धंद्यात नाही.

हिशेबनीस_फोंडा
हे मान्य. अबोलीताई, तिमाहीवाल्यांचे दोन भाग करा. नोंदणीकृत खरेदीदाराला विकणारे एका बाजूला, त्यांचं आयएफएफ. नुसती किरकोळ विक्री असेल ते दुसऱ्या बाजूला.

आगोंद
व्हॉट्सअ‍ॅपचं मी सांगते, आमचं दक्षिणेत छोटं बुकिंग ऑफिस आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यात गप्पांना लेबलं लावता येतात. "बिलं आली", "अपुरी", "चढवली" अशी तीन पुरेत. ठरलेली उत्तरं साठवता येतात, तिरक्या फोटोचं उत्तर रोज नव्याने टाइप करायला नको. आणि फोनबद्दल भांडू नका. फोन चालू ठेवायचा, मेसेजची घंटी बंद. घाई असेल तो फोन करतो. मी मेसेज १२ ला आणि ४ ला बघते.

वेर्णेकर
हे पटलं. १२ ते ४ मध्ये २५ मिनिटांचे फेरे सहज बसतात.

कुळागर
लेबलं लावा, पण तारखा वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. वीज गेली तरी वही दिसते.

अबोली_पेडणे (२२ ऑगस्ट, दुपारी)
बसून मोजलं. मासिक १५. तिमाही २३, त्यातले ६ आयएफएफवाले. म्हणजे ११ आणि १३ मिळून २१ जणांचीच बिलं लागतात, आणि मी ३८ जणांच्या मागे लागत होते. सरांना कागद दाखवला. त्यांनी दोन नावं बदलली आणि म्हणाले, पुढच्या १ तारखेचा मेसेज तीन वेगवेगळे करून पाठव. हिशेबनीस आणि डिचोलीकर, दोघांचे मनापासून आभार.

एक राहिलंच. ११ ला शुक्रवार, म्हापशाचा बाजार, आणि चवथीच्या आधीचा शेवटचा. त्या दिवशी पंधरावीस जण पिशव्या घेऊन वर येतात. बिलं मेजावर ओततात, खुर्चीवर बसतात, पाणी मागतात, पोरांची चौकशी करतात. त्यांना उठा कसं म्हणायचं? माझ्या वडिलांच्या ओळखीची माणसं आहेत.

कुंडई_स्टोअर्स
उठा म्हणू नका. दारापाशी छोटं मेज आणि रिकामी पाकिटं ठेवा. पाकिटावर दुकानाचं नाव आणि महिना आधीच घालून ठेवा. आल्या माणसाने आपलं पाकीट घ्यायचं, बिलं घालायची. पाणी तिथेच ठेवा. आमच्याकडे ड्रायव्हर चलन असंच टाकतात. मला मेजावरून उठावं लागत नाही.

डिचोलीकर
आणि ११ ला पाकीट उघडायचंच नाही. त्या दिवशी आलेलं बिल १२ ला बघायचं. मासिकवाल्यांना ८ तारीख सांगा.

शेवंती
अवांतर: माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान त्या शुक्रवारी म्हापशात मिळेल का, की शनिवार-रविवारी यावं?

तिसवाडी
शेवंती, सुपारीचे घोस आणि रानातली फळं आदल्या दोन दिवसांतच ताजी मिळतात. रविवारी सकाळी लवकर या.

अबोली_पेडणे
५० पाकिटं घेऊन आले. नावं आज रात्री घालते, मुलगी मदतीला बसलीय. मासिकवाल्यांची हिरव्या शाईने, बाकीच्यांची निळ्या.