ॲलर्जी आणि ऑटोइम्यून आजारांवरील संशोधन : साकागुचींच्या कारकिर्दीविषयी एक प्रश्न

श्रेयसी_कोल्हापूर :
नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे इम्युनॉलॉजीत पीएच.डी. करण्याचा विचार आहे. 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना जाहीर झाल्यापासून मी साकागुचींच्या कामाविषयी मिळेल ते वाचते आहे. शरीराच्या प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पेशी असतात, या ज्या कल्पनेवर इतरांचा विश्वास उरला नव्हता, तिच्यावर ते वर्षानुवर्षे काम करत राहिले, असे सगळीकडे लिहिलेले आढळते. परंतु तो विश्वास नेमका का उडाला होता आणि त्यांच्या हाती असे काय होते की ज्याच्या बळावर ते थांबले नाहीत, हे कोठेच नीट कळत नाही. दुसरी शंका अशी की, ॲलर्जी आणि ऑटोइम्यून आजार (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) हे दोन विषय एकाच संशोधकाने हाताळावेत, इतके ते खरोखर जवळचे आहेत का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रयोगवही :
आपला पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण वर्तमानपत्री लेखांत त्यांच्या चिकाटीचे कौतुक येते आणि पुरावा मागे राहतो.

1969 मध्ये निशिझुका आणि साकाकुरा या जपानी संशोधकांनी उंदरांच्या पिल्लांमधील थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली, तेव्हा माद्यांची बीजांडकोशे नष्ट झाल्याचे त्यांना आढळले. हीच शस्त्रक्रिया सातव्या दिवशी केली, तर तसे काही होत नव्हते. टी पेशी, म्हणजे प्रतिकाराचे काम करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, थायमसमध्ये परिपक्व होतात. त्यामुळे ग्रंथी काढल्यावर प्रतिकारशक्ती दुबळी व्हावी, अशी अपेक्षा होती, पण येथे ती स्वतःच्याच अवयवांवर उलटली होती. क्योतो विद्यापीठातून 1976 मध्ये वैद्यकीय पदवी घेतलेल्या साकागुचींनी हे वाचले आणि पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडून ते नागोया येथील कर्करोग संशोधन संस्थेत निशिझुकांकडे दाखल झाले. पुढे त्यांनी असे दाखवले की, ग्रंथी काढलेल्या पिल्लांना निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्यास आजार टळतो. याचा अर्थ निरोगी प्राण्याच्या टी पेशींमध्येच आजाराला आवर घालणारा एक गट असला पाहिजे, आणि तो थायमसमधून थोडा उशिरा बाहेर पडत असला पाहिजे.

आता विश्वास का उडाला ते सांगतो. प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या टी पेशींची कल्पना येल विद्यापीठातील गर्शन यांनी 1970 च्या सुमारास मांडली होती आणि पुढची दहा-बारा वर्षे तिचा बोलबाला होता. या ‘सप्रेसर’ पेशींवर ‘आय-जे’ नावाची एक खूण असते, असे मानले जाई. 1980 च्या दशकाच्या आरंभी उंदराच्या गुणसूत्राचा तो भाग रेणूंच्या पातळीवर तपासला गेला, तेव्हा जेथे या खुणेचे जनुक असायला हवे होते तेथे ते नव्हतेच. त्यानंतर हा विषय इतका बदनाम झाला की, ‘सप्रेसर’ हा शब्द शोधनिबंधात आला तरी परीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडत. साकागुचींनाही याची झळ बसलीच. पण त्यांच्या प्रयोगाचा आधार त्या खुणेवर नव्हता. ग्रंथी काढली की आजार होतो आणि पेशी परत दिल्या की तो टळतो, हे कोणालाही आपल्या प्रयोगशाळेत करून पाहता येण्यासारखे होते. त्यांच्या चिकाटीमागे हा पुन्हापुन्हा मिळणारा निष्कर्ष होता, आणि माझ्या मते नुसत्या जिद्दीपेक्षा त्याचे वजन जास्त आहे.

त्या पेशींना ओळखण्याची विश्वासार्ह खूण मात्र त्यांना 1995 मध्ये मिळाली. सीडी4 प्रकारच्या टी पेशींपैकी साधारण दहा टक्के पेशींवर सीडी25 हे प्रथिन असते. हा गट वगळून उरलेल्या पेशी त्यांनी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या, तेव्हा अवटू ग्रंथी, जठर अशा अनेक अवयवांवर हल्ला झाला. वगळलेला गट सोबत दिला, तेव्हा हल्ला झाला नाही. पहिल्या सूचक निष्कर्षांपासून इथवर यायला दशकाहून अधिक काळ गेला. या काळात ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड आणि स्क्रिप्स येथे काम करून जपानला परतले, आणि क्योतोमध्ये प्राध्यापकपद मिळाले ते 1999 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

बालरोग_मुंबई :
दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देते. ॲलर्जी आणि ऑटोइम्यून आजार बाह्यरुग्ण विभागात वेगवेगळ्या दारांनी येतात, हे खरे आहे. दम्याचा मुलगा एकीकडे जातो, टाइप 1 मधुमेहाचा दुसरीकडे. परंतु आयपेक्स नावाचा एक दुर्मीळ जन्मजात आजार असा आहे की, त्यात दोन्ही एकाच बाळाच्या शरीरात दिसतात. तो मुख्यतः मुलग्यांना होतो, कारण दोष एक्स गुणसूत्रावर असतो. न थांबणारे जुलाब, काही महिन्यांच्या वयातच मधुमेह, अंगभर इसब आणि त्याबरोबर रक्तात ॲलर्जीशी निगडित असलेल्या आयजीई या प्रतिपिंडाचे वाढलेले प्रमाण, असे ते चित्र असते. अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा त्यावरचा मुख्य मूलगामी उपाय आहे.

ब्रंको आणि रॅम्सडेल यांचा मार्ग इथूनच जातो. अमेरिकेत टेनेसीतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत 1940 च्या दशकात ‘स्कर्फी’ नावाचे उंदीर आपोआप उपजले होते. त्यांतील नर खपल्या धरलेल्या कातडीने जन्मत आणि काही आठवड्यांत मरत. या दोघांनी एका औषध कंपनीत काम करताना त्यामागचे जनुक चिकाटीने शोधले. संभाव्य वीस जनुके त्यांनी एकामागून एक तपासली आणि दोष सापडला तो शेवटच्या, विसाव्या जनुकात. त्यालाच फॉक्सपी3 म्हणतात. त्याच जनुकातील दोषामुळे मुलांमध्ये आयपेक्स होतो, हेही 2001 मध्ये स्पष्ट झाले. साकागुचींच्या सीडी25 असलेल्या पेशी घडवणारे जनुक हेच आहे, असे त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगशाळांनी 2003 मध्ये दाखवले. ज्या एका गटाच्या अभावी परागकणांवरही प्रतिक्रिया उठते आणि स्वादुपिंडावरही हल्ला होतो, तो गट अभ्यासणाऱ्याने या दोन विषयांत भिंत घालण्याचे कारण नाही. अर्थात प्रत्येक शिंकेचे मूळ या पेशींत आहे, असे मात्र कोणी समजू नये.

गाजरगवत :
माझे टोपणनाव विषयाला धरूनच आहे, म्हणून थोडी भर घालतो. ॲलर्जीकडून या क्षेत्रात शिरणाऱ्याने किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याचे काम जरूर वाचावे. अमेरिकेत डेन्व्हर येथील मुलांच्या दम्याच्या संशोधन संस्थेत त्यांनी रॅगवीड या तणाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या रुग्णांचे रक्तद्रव घेऊन आयजीई हा प्रतिपिंड 1966 मध्ये ओळखला. रक्तातील त्याचे प्रमाण इतके नगण्य असते की, तेव्हाच्या रासायनिक चाचण्यांना तो दिसत नव्हता. म्हणून शुद्ध केलेला प्रत्येक अंश हे दोघे स्वतःच्या पाठीच्या कातडीत टोचून गांध उठते का, ते पाहत. स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेन्निख यांनी अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात तेच प्रथिन स्वतंत्रपणे शोधले, आणि 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत आयजीई या नावावर एकमत झाले.

रॅगवीड आणि आपले गाजरगवत एकाच कुळातील आहेत. पुण्याकडे 1950 च्या दशकात नोंदवले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे. त्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर येणारा त्वचादाह मुख्यतः टी पेशींमुळे होतो; तोच हंगाम काहींना नाक गळण्याचा त्रास देतो आणि तिथे आयजीईचा हात असतो. महाराष्ट्रात बसून काम करायचे असेल, तर हा विषय आपल्या बांधावरच उभा आहे, आणि तरी तरुण संशोधक त्याकडे फारसे वळत नाहीत, याचे मला नवल वाटते.

श्रेयसी_कोल्हापूर :
तिघांचेही मनःपूर्वक आभार. एकच पुरवणी प्रश्न : रुग्णांशी संबंध ठेवून संशोधन करायचे असेल, तर मला डी.एम. क्लिनिकल इम्युनॉलॉजी या वैद्यकीय अतिविशेष पदवीचा मार्ग खुला आहे का?

प्रयोगवही :
नाही. त्यासाठी आधी एम.बी.बी.एस. आणि एम.डी. लागते; लखनौचे संजय गांधी पदव्युत्तर संस्थान किंवा पुदुच्चेरीचे जिपमेर येथील जागा त्या डॉक्टरांसाठी असतात. आपला रस्ता सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा तत्सम परीक्षेतून पीएच.डी.कडे जातो. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), दिल्लीत राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्था, अशी ठिकाणे आहेत. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. रुग्णांचे नमुने हवे असतील, तर मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था आहे; तेथे प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्यातील अंतर फार नाही. अर्ज करण्यापूर्वी मार्गदर्शकांना एवढे अवश्य विचारा की, गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडे कोणत्या रुग्णालयातून आणि कोणाच्या परवानगीने नमुने आले. याचे उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरी प्रयोगशाळा पाहा.