मदत हवी आहे: दांडिया बाजारात जुनं घर घेतोय

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात एक जुनं दुमजली घर बघितलंय. आईला सुरसागर तलावाजवळच राहायचंय, ओळखीची माणसं, देवळं, बाजार सगळं पायाखालचं. मलाही वासणा-भायली भागातल्या नव्या फ्लॅटपेक्षा हेच आवडलं. सागवानी जिना अजून भक्कम आहे, पण मागच्या भिंतीला पुरुषभर उंच ओल चढलीय आणि एका तुळईचं टोक दाबलं की भुसा गळतो.

खरी काळजी कागदांची. प्रॉपर्टी कार्डावर अजून मालकांच्या आजोबांचंच नाव आहे. वारस बरेच, दोघे परदेशात. तळमजल्यावर जुने भाडेकरू आहेत, त्या काकांना दुखवून मला घर नकोय. शिवाय शहराच्या बऱ्याच भागांत १९९१ चा अशांत धारा (अशांत भागांतल्या मालमत्तेच्या विक्रीवर बंधनं घालणारा गुजरातचा कायदा) लागू आहे. तिथे विक्रीच्या दस्तावेजाआधी कलेक्टरांची परवानगी लागते.

कुणी अलीकडे ही परवानगी काढलीय का? किती वेळ लागला? वारसाई आधी करून घ्यावी की बानाखतात (विक्रीच्या आधीच्या करारात) अट घालून पुढे जावं? लाकडी बांधकामावर बँक कर्ज देते का? जुन्या घरांची जाण असलेला इंजिनिअर आणि वारसाईची कामं करणारा वकील माहीत असेल तर कृपया मेसेज करा. मालक बाना (विसाराची रक्कम) लवकर मागताहेत.