प्रतिसाद: मुघलांची ३३१ वर्षं नेमकी कशी मोजायची?

वर 'साम्राज्य सरासरी अडीचशे वर्षं टिकतं' असं म्हटलंय. हा आकडा सुरुवात आणि शेवट कुठे धरता त्यावर ठरतो. मुघलांचंच घ्या. १५२६ ते १८५७ म्हणजे ३३१ वर्षं. पण १५४० ते १५५५ दिल्ली सूर घराण्याकडे होती, १७३९ मध्ये नादिरशहाने ती लुटली आणि १८०३ पासून बादशहा इंग्रजांच्या पेन्शनवर होता. १५५५ ते १७३९ धरलं तर १८४ वर्षंच उरतात, आणि मला हाच हिशेब पटतो.

कारण राज्याचा कणा होता मनसबदार, म्हणजे बादशहाने दर्जा (मनसब) देऊन नेमलेला अधिकारी; तो फौज पोसू शकत होता तोवरच साम्राज्य खरं. त्याला जहागीर मिळे आणि तिच्या वसुलावर त्याने ठरलेले घोडेस्वार ठेवायचे. अडचण अशी, की कागदावरची जमा (ठरवलेला महसूल) आणि हातात पडणारा हासिल (प्रत्यक्ष वसूल) यांत मोठी तफावत असे. शहाजहानच्या काळीच अनेक जहागिरींचं वर्षाचं उत्पन्न सहा-आठ महिन्यांइतकंच धरलं जाई आणि त्या प्रमाणात स्वारही कमी मागितले जात. जहागीर असलेल्या सुभ्यातच (प्रांतातच) चाकरी असेल तर सवार दर्जाच्या, म्हणजे मनसबीत नेमून दिलेल्या स्वारांच्या आकड्याच्या, एक तृतीयांश स्वार, दुसऱ्या सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर दख्खनी आणि मराठे सरदारांना मनसबी वाटल्या गेल्या, पण द्यायला चांगल्या जहागिरी उरल्या नव्हत्या. त्यात मराठे चौथाई म्हणून २५ टक्के आणि सरदेशमुखी म्हणून १० टक्के मागत. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांत हे हक्क बादशहानेच मान्य केले. तिथल्या जहागीरदाराकडे फौज पोसायला काय राहणार?